शोभेला टांगलेली पिवळी बाटली

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला आलेला पाहुणा 'काय झालं' असं विचारत नाही. तो आधी विचारतो, "कितीक लागल्या?" म्हणजे सलाईनच्या बाटल्या किती लागल्या. दोन म्हटलं तर तो उभ्याउभ्याच चहा घेऊन निघतो. सात म्हटलं तर खाली बसतो, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो आणि जेवायलाच थांबतो. बाटल्यांतही मान ठरलेला आहे. नुसत्या पाण्यासारखी दिसणारी बाटली ही हलकी. तिच्यात ताकदीचं इंजेक्शन मिसळून पिवळीधमक केलेली, ती खरी. पिवळी लागली म्हणजे घरच्यांनी माणसाचं केलं. माझ्या चुलतबहिणीला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या सासरच्यांनी पिवळी लावली नाही, याचा राग आमच्या घरात अजून धुमसतो आहे. टायफॉइड बरा झाला, हे कुणाच्या लक्षातही नाही.

या पिवळ्या बाटलीचे आमच्याकडचे मोठे जाणकार म्हणजे माझे मोठेबाबा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. कामरगावला एका डॉक्टरांकडे ते तीस वर्षं कंपाउंडर होते. सोयाबीन निघालं की माणसं दवाखान्यात रांग लावायची. आजारी नसायची, नुसती दमलेली असायची. वर्षाची ताकद भरून घ्यायला यायची. आत जागा पुरायची नाही म्हणून मागच्या कडूलिंबाखाली बाजा टाकायचे, माणसं ओळीनं आडवी व्हायची आणि बाटल्या सुतळीनं फांद्यांना बांधायच्या. मी लहानपणी मोठेबाबांचा डबा घेऊन जायची, तेव्हा ते झाड पिवळ्या बाटल्यांनी लगडलेलं असायचं. कडूलिंबाला हंगामात असंही एक फळ येतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढे मी नर्सिंगला गेले. तीन वर्षं शिकून, प्रमाणपत्र घेऊन घरी आले, तर मोठेबाबांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला. "टोच." मी टोचलं. पहिल्याच वेळी शीर सापडली. ते म्हणाले, "नशीब तुहं," आणि बाही खाली केली. त्यांच्या लेखी मी तरीही पोट्टीच, म्हणजे लहान पोरगीच राहिले. तालुक्याच्या गावी दहा खाटांच्या एका खासगी दवाखान्यात मला नोकरी लागली, तिथले पेशंट मला सिस्टर म्हणायला लागले, डॉक्टरसाहेबही म्हणायचे, पण मोठेबाबा दारात येऊन विचारायचे, "आमची पोट्टी आहे काय आत?"

मी स्वभावानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते फटकळ बाईला शोभणारं नव्हतं, म्हणून.

त्या वर्षी हिवाळ्यात बाबा पांढरे दिसायला लागले. शेतातून येताना दोनदा बांधावर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काई नाई." माझे बाबा सगळ्याला 'काई नाई' म्हणतात. मोठ्या भावाला तर त्यांनी उभ्या जन्मात कधी 'नाही' म्हटलेलं नाही. मोठेबाबा म्हणाले कपाशी लावू, की कपाशी. म्हणाले तूर, की तूर. एकदा मोठेबाबांनी स्वतःला घट्ट होणारे बूट त्यांना दिले. बाबांना ते त्याहून घट्ट होते, तरी ते तीन वर्षं वापरून बाबांनी पायाची करंगळी कायमची वाकडी करून घेतली.

शेवटी आई त्यांना ओढतच माझ्याकडे घेऊन आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरसाहेबांनी मला बाहेर पाठवलं आणि बाबांना पाच मिनिटं दमात घेतलं, तेव्हा कुठे निघालं की मूळव्याधीतून सात महिने रक्त जातंय. सात महिने! पोरगी नर्स, आणि बाप लाजून गप्प. मी इतकी चिडले, की वॉर्डात सगळ्यांसमोर त्यांना बोलले. ते म्हणाले, "पोरीले कसं सांगाव असलं?" आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं. पण मी ड्यूटीवर होते, म्हणून कापसाच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, दोन पिशव्या रक्त द्यावं लागेल, आणि ते आजच. हृदयावर ताण येतोय, आता वेळ घालवायचा नाही. बाबांचा रक्तगट सहज मिळणारा नव्हता. अकोल्याला फोन केला, तिथल्या रक्तपेढीत बरोबर दोनच पिशव्या होत्या. तिसरी कुठेही नव्हती. बाबांचे जिवलग मित्र, गावातले शिंपीचाचा, जीप करून स्वतः गेले, बदल्यात आपलं रक्त देऊन आले, आणि थर्माकोलचा डबा छातीशी धरून परतले. चाचांना मी दहादा समजावलं, की तुम्ही दिलेलं रक्त तिथंच राहिलं, हे दुसऱ्याचं आहे. ते हसून म्हणायचे, "बेटा, खून तो अपनाच है." त्या पिशवीवर त्यांनी जो हक्क सांगितला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

दुपारी साडेतीनला पिशवी लावायची तयारी केली. बाबांच्या डाव्या हाताला सुई होती. सुईपाशी तीन तोंडांची एक छोटी कळ असते, थ्री-वे म्हणतात तिला. एका तोंडाला रक्ताची नळी, दुसऱ्या तोंडाला मीठपाण्याच्या बाटलीची नळी, तिसरं तोंड शिरेकडे. आधी मीठपाण्यानं नळी भरून घ्यायची, मग कळ फिरवून रक्त सुरू करायचं आणि मीठपाणी बंद करून तसंच टांगून ठेवायचं. पिशवी संपली की त्यानंच नळी धुवायची. रक्ताच्या नळीत दुसरं काही जाऊ द्यायचं नाही. औषध नाही, ग्लुकोज नाही, काही नाही. फक्त मीठपाणी.

हे मला पाठ होतं, पण पाठ होतं म्हणून नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून पटलेलं होतं. कॉलेजात आमच्या मॅडमनी दोन काचेच्या नळ्या आणल्या होत्या. एकीत मीठपाणी, एकीत ग्लुकोजचं पाणी. दोन्हींत थोडंथोडं रक्त टाकलं. मीठपाण्यातलं रक्त सारखं लाल राहिलं. ग्लुकोजमधलं थोड्या वेळानं दाणेदार झालं, गाठी दिसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "आता ही नळी म्हणजे माणूस आहे असं समजा." त्या दिवशी मेसमध्ये कुणी टोमॅटोची भाजी घेतली नाही.

मी मीठपाण्याची बाटली टांगली आणि आईनं विचारलं, "हे कायची वं?"

"मिठाची," मी म्हणाले.

झालं. बाबांना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं, आईनं ते पार बंद केलं होतं. चार वर्षं त्या घरात अळणी वरण शिजत होतं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली होती. आई कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"चार वर्षं म्या या मानसाले मिठाचा खडा दिसू नाई देल्ला. अन् तू आता डायरेक शिरेत मीठ सोडून राह्यली?"

"आई, ते जेवणातलं मीठ वेगळं..."

"मीठ वेगळं असते काय? समुद्रातूनच येते ना दोनीई?"

चाचा पिशवीच्या बाजूनं बोलले. "बेटा, सही बोल्ली तुही माय. चांगल्या रक्तात खारं पानी कायले टाकता? गोड टाका ना. गोडानं मानूस खुश राह्यते."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी अपेंडिक्सच्या टाक्यांवर हात दाबून उठून बसली आणि म्हणाली, की तिच्या जावयाला गोडच लावली होती. मग सगळा वॉर्डच बोलायला लागला. खारं विरुद्ध गोड असे दोन पक्ष पडले. खाऱ्याच्या बाजूनं मी एकटी.

मी स्टूल ओढून बसले आणि समजावून सांगितलं. रक्त मुळात खारटच असतं. बोट कापल्यावर तोंडात घालता, तेव्हा चव कशी लागते? रक्ताला मिळतंजुळतं पाणी म्हणजे हे मीठपाणी. यात रक्ताच्या पेशी घरच्यासारख्या राहतात. ग्लुकोजच्या पाण्यात त्या आधी एकमेकींना चिकटतात, मग पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. हरभरा फार वेळ भिजत राहिला की साल फाटतं ना, तसं. दुसरी एक बाटली असते, तिच्यात कॅल्शियम असतं, तिनं पिशवीतलं रक्त साकळतं. म्हणून दोन्ही नाहीत. आणि पिशव्या दोनच आहेत. एक वाया गेली तर तिसरी नाही. आणि नासलेलं रक्त शिरेत गेलं तर नुसतं वाया जाण्यावर भागत नाही, माणूस जातो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पटलं म्हणून नाही, मी 'माणूस जातो' म्हणाले म्हणून.

बाबा आतापर्यंत भिंतीकडे तोंड करून होते. ते हळूच वळले. "म्हंजे मिठाचीच," ते म्हणाले.

"हो बाबा. या नळीतून दुसरं काहीच जायला नको."

"बरं," ते म्हणाले, आणि परत भिंतीकडे वळले.

रक्त सुरू केलं. पहिली पंधरा मिनिटं मी खाटेपासून हलले नाही. ताप नाही, पुरळ नाही, नाडी बरी. बाबांना थंडी वाजायला लागली म्हणून आईनं त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत सोलापुरी चादर घातली. नळ्याही थोड्या चादरीखाली गेल्या. सगळं ठीक चाललं होतं, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "आमची पोट्टी आहे काय आत?"

मोठेबाबा आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी टॉवेल काढला, टॉवेल उलगडला आणि आतून बाटली काढली. पिवळीधमक, स्वतः इंजेक्शन मिसळून तयार केलेली. वाटेत हलू नये म्हणून जीपमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. एवढी काळजी त्यांनी कधी मोठ्या आईची घेतलेली मी पाहिली नव्हती.

"लाव," ते म्हणाले.

"नाही लावता येत, मोठेबाबा. रक्त चालू आहे."

"तेच त म्हंतो. रक्त एकटं कायले देतं? रक्त जाईन अन् ताकद कोठून येईन? दोन्ही संग लाव. तीस वर्षं झाले मले."

"तीस वर्षांत रक्त किती जणांना दिलं तुम्ही?"

याचं उत्तर शून्य होतं. कडूलिंबाखाली रक्त कोण देणार? मोठेबाबांचा चेहरा पडला. मी डॉक्टरसाहेबांना बोलावलं. त्यांनीही साफ नाही म्हटलं आणि ओपीडीत निघून गेले. मोठेबाबा बाटली हातात धरून वॉर्डाच्या मध्यभागी उभे राहिले. भेटायला आलेली गावातली चार माणसं पाहत होती. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाबा भिंतीकडे पाहत होते, पण त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. एवढं कमी रक्त असलेल्या माणसाचा कान लाल होतो, म्हणजे त्याला किती लाज वाटली असेल, विचार करा.

आणि इथे माझी चूक झाली. ती दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखी नाही.

मी मोठेबाबांच्या हातातून बाटली घेतली आणि स्टँडच्या रिकाम्या आकड्याला टांगली. नळी लावली नाही, झाकणही काढलं नाही. नुसती टांगली. शोभेला. म्हणाले, "असू द्या इथं. रक्त झालं की पाहू." लाल पिशवी, पांढरी बाटली, पिवळी बाटली, असं ते स्टँड एकदम भरगच्च दिसायला लागलं. भेटायला आलेल्यांनी समाधानानं एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं मोठेबाबांना बसायला स्टूल दिलं. आईनं पदर मागे घेतला. वॉर्डात शांतता झाली, आणि मला वाटलं, किती शहाणी आहे मी.

तेवढ्यात बाळंतपणाची बाई आली. दोघीच सिस्टर होतो आम्ही, दुसरी सुट्टीवर. मी आयाबाईंना बाबांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि आत गेले. मुलगी झाली, सुखरूप झाली, पण पाऊण तास गेला. हात धुऊन बाहेर आले, तर बाबांच्या खाटेभोवती ही गर्दी. आयाबाईसुद्धा गर्दीतच, टाचा उंच करून पाहत होत्या. मध्ये मोठेबाबा, बाह्या वर सरसावलेले. ते पिवळ्या बाटलीला टिचक्या मारत होते.

मी पाहिलं. मीठपाण्याची बाटली खिडकीत आडवी पडली होती. तिची नळी काढून पिवळ्या बाटलीत खुपसली होती. थ्री-वेची कळ फिरवून दोन्ही तोंडं उघडी केलेली होती.

"काय केलं हे?" मी विचारलं.

"ते खारी बाटली बंदच लटकून होती," मोठेबाबा म्हणाले. "रिकामी नळी कायले अडवून ठेवाव? म्हनून म्या हे लावली. पन साली चालून नाई राह्यली. जराशीक उतरली अन् अटकली. तीस वर्षांत असं नाई झालं माह्यासंग."

त्यांनी त्यांच्याकडचं सगळं करून पाहिलं होतं. नळीची चाकी वरखाली केली होती. ठिबकण्याची कुपी दाबून पाहिली होती. स्टँड वर सरकवून बाटली पंख्याच्या जवळ नेली होती. शिंपीचाचांनी सुचवलं होतं की बाटली गरम करून पाहावी. अपेंडिक्सच्या म्हातारीनं सांगितलं होतं की नजर लागली असेल, आणि आईनं खरोखर मोहऱ्या मागवल्या होत्या. सगळा वॉर्ड एक होऊन माझ्या बापाला मारायला मदत करत होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती.

माझ्या डोळ्यांसमोर मॅडमची ती काचेची नळी आली. मी पुढे झाले, पिवळीकडची कळ बंद केली, चाकी बंद केली. बाबांच्या तोंडाकडे पाहायची हिंमत होईना. मी नळीकडे पाहत गेले. बाटलीपासून खाली नळी पिवळी होती. चादरीच्या काठापर्यंत पिवळी. मी चादर वर केली.

नळी पोटावरून वेढा घेऊन बाबांच्या उजव्या मुठीत गेली होती. मुठीपर्यंत पिवळी. मुठीच्या पलीकडे, थ्री-वेपर्यंत, स्वच्छ पांढरं पाणी.

ओलिताचा पाइप बंद करायचा असला की आमच्याकडे तो दुमडून मुठीत दाबतात. नळ लांब मोटारीपाशी असतो, तिथवर कोण जाणार? बाबांनी ती नळी तशीच दुमडली होती आणि हिमोग्लोबिन पाच असलेल्या हातानं अंगातलं सगळं बळ लावून दाबून धरली होती. त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. लाल पिशवी आपली ठिबकत होती, तिला काही झालेलं नव्हतं.

मी चादर तशीच धरून आडोसा केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बंद केली काय तू?"

"केली. सोडा आता."

"पक्की?"

"पक्की बाबा. सोडा."

मूठ सुटेना. बोटं आखडली होती. मला एकेक बोट उचलून मोकळं करावं लागलं, करंगळीपासून सुरुवात करून.

"ओरडायचं ना," मी कुजबुजले. "नको म्हणायचं ना त्यांना!"

"दादा होता वं," ते म्हणाले.

"मग मला हाक मारायची."

"तू कामात होती." पुढे म्हणाले, "तू सांगतलं होतं मिठाचीच." मग डोळे मिटून, "त्याले नको सांगू. लय मायेनं आनली त्यानं ते बाटली."

मी गर्दी हटवली, मोठेबाबांना चाचांसोबत चहाला पाठवलं, मग ती सगळी नळी काढून फेकली, नवी लावली, नवं मीठपाणी टांगलं. डॉक्टरसाहेबांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी बाबांना तपासलं, रक्त चालू ठेवायला सांगितलं आणि मला खोलीत नेऊन जे बोलले, ते मला पूर्ण मान्य होतं. शोभेला बाटली टांगणारी नर्स त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

पण खरी कमाल पुढे आहे. पिवळी बाटली मी बाहेर नेली, बेसिनमध्ये उपडी केली आणि रिकामी करून आणून परत आकड्याला टांगली. जी बाई डॉक्टरांनाही तोंडावर बोलते, ती बापाच्या एका वाक्यासाठी अशी चोरासारखी बेसिनपाशी उभी होती. मोठेबाबा चहा पिऊन आले, त्यांनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"गेली?"

"गेली दादा," बाबा खाटेवरून म्हणाले.

"मले मालूम होतं. हवा अटकली होती," मोठेबाबा म्हणाले आणि बाटली टॉवेलात गुंडाळून घरी नेली.

दुसरी पिशवीही नीट गेली. पुढे ऑपरेशन झालं, बाबा बरे झाले, शेतात जायला लागले. आणि मोठेबाबांनी गावाला गोष्ट सांगायला सुरुवात केली, की रक्तानं काही झालं नसतं, भाऊ उठला तो पिवळीनं. पारावर ते सांगायचे आणि बाबा शेजारी बसून मान हलवायचे. मी गावी गेले की दात आवळून ऐकायची. मला वाटायचं, जाऊ दे, म्हाताऱ्याची हौस. कुणाचं काय बिघडतं?

बिघडणार होतं. दोन वर्षांनी आमच्याच गावची एक गरोदर बाई दवाखान्यात आली, तिलाही रक्त लावायचं होतं. तिच्या सासूनं पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून पिवळी बाटली काढली. मी नाही म्हटलं, तर ती म्हणाली, "आमाले काहून नाई? तुह्या सोताच्या बापाले त तूनंच रक्तासंग लावली होती. तुह्या मोठेबाबानंच त आनून देल्ली हे बाटली." मोठेबाबा तिच्या मागेच उभे होते. त्यांच्यासमोर खरं सांगायचं, तर बाबांचं 'त्याले नको सांगू' आड आलं. बाईचा नवरा डॉक्टरांशी भांडायला निघाला होता.

तेव्हा बाबा पुढे आले. मोठेबाबांसोबत जीपमधून आले होते, नेहमीसारखे दोन पावलं मागे. त्यांनी त्या सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मोठेबाबांकडे पाहिलं.

"दादा, मले लागली नाई ते," ते म्हणाले. "म्या दाबून धरली होती."

"काय दाबून धरली होती?"

बाबांनी उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. "नळी. पोट्टी म्हने मिठाचीच पाह्यजे. मंग म्या दाबून धरली. तू लय टिचक्या मारल्या, पन म्या नाई सोडली."

मोठेबाबा त्या मुठीकडे पाहत राहिले. तीस वर्षं अधिक दोन वर्षं, सगळं त्यांच्या तोंडावरून सरकताना मला दिसलं, आणि मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी सासूच्या हातातून पिवळी बाटली काढून घेतली, खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर सांगते तेच करा." मला सिस्टर म्हणाले ते.

मी त्या बाईच्या हाताला मीठपाणी लावलं. मागे वळून पाहिलं तर दोघं भाऊ बाकावर बसले होते. मोठेबाबांनी बाबांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्यांची बोटं एकेक करून चोळत होते, जणू ती आत्ताच आखडली होती.

"पुरा टाइम धरून होता?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"दुखला असन लेका," मोठेबाबा म्हणाले.

बाबा म्हणाले, "काई नाई."